क्लेअरचा विजय आणि त्याची किंमत

क्लेअर मतदारसंघातील 1828 च्या पोटनिवडणुकीने आयर्लंडमधील कॅथलिकांना संसदेची दारे खुली केली, हे विधान खरे असले तरी अर्धेच आहे. मंत्रिपद मिळाल्याने फेरनिवडणुकीस उभ्या राहिलेल्या वेसी-फिट्झजेराल्ड यांना कॅथलिक नेते डॅनियल ओ'कॉनेल यांनी 982 विरुद्ध 2,057 मतांनी हरवले. हा विजय चाळीस शिलिंग उत्पन्नाच्या छोट्या कुळांचा होता. मतदान उघड असे, तरीही जमीनदारांचा रोष पत्करून ती ओ'कॉनेल यांच्या मागे उभी राहिली. 1829 मध्ये कॅथलिक मुक्तीचा कायदा झाला. पण त्याचबरोबर मताधिकाराची मर्यादा दहा पौंडांवर नेऊन याच कुळांचे मत हिरावले गेले. हा अन्याय विसरून क्लेअरचा गौरव करता येत नाही. कायदा पूर्वलक्षी नसल्याने ओ'कॉनेल यांनाही पुन्हा निवडून यावे लागले. ते बिनविरोध आले.

1885 मध्ये क्लेअरचे पूर्व व पश्चिम असे दोन मतदारसंघ झाले. पूर्व क्लेअरचे खासदार विली रेडमंड पहिल्या महायुद्धात पडल्यावर 1917 मध्ये त्या मतदारसंघाने सिन फेनचे एमन डी व्हॅलेरा यांना निवडले. वेस्टमिन्स्टरमधील हे दोन्ही मतदारसंघ 1922 मध्ये संपुष्टात आले.