दाजी, पॅकर्सचं बरोबरच होतं!

दरवर्षी ऑगस्ट आला की आमच्या दाजींची जुनी जखम भळभळायला लागते. दाजी मिलवॉकीला असतात आणि ग्रीन बे पॅकर्सचे कट्टर भक्त आहेत. २००८ साली पॅकर्सनी ब्रेट फार्व्हला परत घेतलं नाही, हा त्यांच्या लेखी अक्षम्य गुन्हा. परवा फोनवर पुन्हा तेच, "ज्यानं सोळा वर्षं रक्त आटवलं त्याला दारात उभं केलं नाही!" मी गप्प बसलो (ताई स्पीकरवर होती). पण मनातलं कुठेतरी ओकायला हवंच ना... म्हणून हे.

ज्या काका-मावशांना अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली धक्काबुक्की वाटते, त्यांच्यासाठी एवढंच : क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू येतो तो माणूस. कुणाकडे फेकायचा हे तो ठरवतो. चुकून शत्रूच्या हातात फेकला तर इंटरसेप्शन. आणि हा मैदानात एका वेळी एकच असतो, दुसरा बाकावर. सगळं भांडण त्या 'एकच'मध्ये आहे.

फार्व्ह मोठा होता, यात वादच नाही. १९९२ पासून एकही सामना न चुकवता खेळत राहिला, १९९७ च्या जानेवारीत सुपर बोल जिंकून दिला. डिसेंबर २००३ मध्ये वडील गेले आणि दुसऱ्याच दिवशी तो ओकलंडला मैदानात उतरला. ३९९ यार्ड, चार टचडाऊन! तो सामना आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. दाजी, त्याच्यावर प्रेम करायचा मक्ता काही तुमच्या एकट्याकडे नाही.

पण त्याच फार्व्हनं 'खेळू की नको' यावर संघाला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं. २००६ साली तर निर्णय द्यायला एप्रिल अखेर उजाडली. मग मार्च २००८ मध्ये तो ढसाढसा रडत निवृत्त झाला. संघानं त्याचा शब्द खरा मानला आणि पुढची सगळी आखणी ॲरन रॉजर्सभोवती केली. आणि जुलैत साहेब म्हणतात, मी परत येतोय!

आता हा रॉजर्स. २००५ साली पहिल्या फेरीत निवडलेला पोरगा, तीन वर्षं बाकावर. नोव्हेंबर २००७ मध्ये डॅलसला फार्व्ह दुखावला तेव्हा आत आला आणि झकास खेळला. सामना हरले, पण ज्यांना दिसायचं त्यांना दिसलं. पुढच्या ऑगस्टमध्ये सरावाच्या वेळी याच २४ वर्षांच्या पोराची आपल्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

दाजी म्हणतात, ऋण होतं. होतंच हो! पण ते कुणाच्या खिशातून फेडायचं? टेड थॉम्पसननी, म्हणजे संघाच्या व्यवस्थापकांनी, फार्व्हला परत घेतलं असतं तर त्यांची स्वतःची खुर्ची शाबूतच राहिली असती. किंमत मोजली असती त्या पोरानं. दुसऱ्याच्या पानातलं वाढून कृतज्ञता दाखवण्यात कसला आलाय मोठेपणा?

पॅकर्सनी सगळं नीट केलं असं मात्र मी म्हणणार नाही. फार्व्हनं निवृत्तच राहावं म्हणून दोन कोटी डॉलर्सच्या आसपासचा जाहिरातबाजीचा करार पुढे केल्याच्या बातम्या आल्या होत्या. ते अगदीच ओशाळवाणं. सरळ 'नाही' म्हणायचं होतं. शेवटी त्याला न्यू यॉर्क जेट्सकडे पाठवलं.

तिथे २२ टचडाऊन आणि २२ इंटरसेप्शन! रॉजर्सनं त्याच वर्षी २८ टचडाऊन फेकले, इंटरसेप्शन १३. पण पॅकर्स १६ पैकी सहाच सामने जिंकले, म्हणून दाजींची जीभ चालली. २००९ साली तर फार्व्ह कट्टर वैरी व्हायकिंग्जकडे गेला, चाळिशीत ३३ टचडाऊन फेकले, पॅकर्सना दोन्ही वेळा हरवलं. (दाजींनी त्या दिवसांत जेवण सोडलं होतं म्हणे.) हे मी लपवत नाही. आणि फेब्रुवारी २०११ मध्ये रॉजर्सनं सुपर बोल जिंकला, तो चषकही तुमच्या तोंडावर फेकत नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. तेव्हा समोर एवढंच होतं : एकजण निरोप घेऊन गेलेला, आणि दुसऱ्याला 'आता तू' असं सांगून झालेलं. रॉजर्स पुढे साफ फसला असता तरी मी हेच म्हटलं असतं.

गंमत म्हणजे २०२३ साली पॅकर्सनी रॉजर्सलाही तसंच, त्याच जेट्सकडे पाठवलं, कारण बाकावर तीन वर्षं जॉर्डन लव्ह बसला होता. तेव्हा दाजी म्हणाले, "बरं झालं, तरुणाला संधी मिळायला हवी." म्हणजे नियम ठाऊक आहे, फक्त फार्व्हला लावायचा नाही!

२०१५ च्या जुलैत लॅम्बो फील्डवर ४ नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली तेव्हा अख्खं स्टेडियम फार्व्हसाठी उभं राहून ओरडत होतं. दाजीही होते त्या गर्दीत, घसा बसेपर्यंत ओरडत. आणि दुसऱ्या दिवशी फोनवर मला काय म्हणाले? "तरीपण २००८ ला घ्यायलाच हवं होतं."

असो. ताई, रविवारी फोन करतो. स्पीकर बंद ठेव. :)