शाकारणी, पत्रा आणि पंचनामा

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या डोक्यावर कौलं किंवा पत्रा आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. स्लॅबवाल्यांनी गावच्या घराची आठवण काढून वाचा.

मे अर्धा सरला की आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यात दर दोन घरांआड एक वाक्य ऐकू येतं, "यंदा कौलं उतरवायची आणि पत्रा टाकून मोकळं व्हायचं." ३ जून २०२० ला निसर्ग वादळ येऊन गेलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, आणि तेव्हापासून हे वाक्य जास्तच ऐकू येतं. ते बोलणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. कौलारू घर दरवर्षी माणूस मागतं. पावसाआधी वर चढायचं, कौलं परतायची, पालापाचोळा झाडायचा, कुजलेली रीप बदलायची, फुटकी कौलं काढून चांगली सारायची. याला शाकारणी म्हणतात आणि ती करणारा माणूस आता तालुक्यात शोधावा लागतो. जे आहेत त्यांचे गुडघे गेलेत, पोरं मुंबईला किंवा रिक्षावर. वर माकडांचा उपद्रव. एक टोळी छपरावरून नाचत गेली की वीस-पंचवीस कौलांचा चुरा. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच असतील तर त्यांनी करायचं काय?

तरीही पत्रा हा निर्णय जितका घाईत घेतला जातोय तितका सोपा नाही, आणि सरकारी कागद त्यात लोकांना ढकलतायत, हे माझं म्हणणं.

आधी कागदाचं बघू. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात जनगणनेत घराचं छप्पर कच्चं की पक्कं याची वर्गवारी होती. त्यात हाताने घडवलेली कौलं, म्हणजे आपली जुनी नळ्याची कौलं, गवत आणि प्लास्टिकच्या पंक्तीला बसवून 'कच्ची'. यंत्रावरची मंगलोरी कौलं पक्की. आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा? तोही पक्का! साठाहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे, कारण त्याची धूळ फुफ्फुसात गेली की कर्करोग होऊ शकतो. आपल्याकडे तो पक्क्याचा दाखला. या यादीवरून पुढे घरकुलाचे लाभार्थी ठरले, म्हणजे ही शब्दांची गंमत नाही.

आता मदतीचं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ च्या निकषांप्रमाणे घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. अंशतः पडझड असेल आणि ती किमान १५ टक्के असेल, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये. राज्य सरकार कधी कधी यात भर घालतं, निसर्गच्या वेळी घातलीही. पण मूळ चौकट हीच. वादळात भिंती उभ्या राहतात आणि छप्पर जातं. म्हणजे कागदावर बहुतेकदा 'अंशतः'. मंगलोरी कौल १०० चौरस फुटांना साधारण १५० लागतं. ८०० चौरस फुटांच्या छपराला १,२०० कौलं. निम्मं छप्पर गेलं तर ६०० कौलं, आणि घर कच्च्यात धरलं असेल तर हातात ४,००० रुपये. कौलाला पावणेसात रुपयेही पडत नाहीत. वासे, रिपा, मजुरी वेगळी. या भावात नवीन कौल कुठल्या वखारीत मिळतं ते मला दाखवा, मी फोटोसकट बातमी लावतो. १५ टक्के गेलेल्याला आणि निम्मं गेलेल्याला एकच रक्कम, हा कुठला हिशेब?

असो. सरकार बदलेल तेव्हा बदलेल, पाऊस सात जूनच्या आसपास येतोच. तोपर्यंत ज्यांना छपराचा निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी, इतक्या वर्षांत गवंडी, सुतार आणि दोन वादळांनंतर केलेल्या फेऱ्यांमधून जे कळलं ते सांगतो.

कौलं ठेवायची असतील तर आधी लाकूड बघा, कौल नंतर. १०० चौरस फुटांना साडेतीनशे-चारशे किलो वजन येतं, भिजल्यावर आणखी. वाश्याला सुरी टोचून बघायची. सहज आत गेली तर कौलं परतून उपयोग नाही. आपल्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला लावायची पद्धत होती, वाळवीला ते आजही चालतं. कौल घेताना बोटाने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. एक कौल कोरडं तोला, रात्रंदिवस पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढलं तर तो माल परत. पाडलेल्या घराची जुनी कौलं मिळत असतील तर जरूर घ्या, पण एका छपरावर दोन कारखान्यांची मिसळू नका, खाचा जुळत नाहीत आणि गळती तिथूनच सुरू होते. (बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून या कौलाचा आकार ढोबळमानाने तोच आहे, पण ढोबळमानानेच.) आणि उतार मोडू नका. खर्च वाचवायला आढं खाली घेणारे मिस्त्री मी पाहिलेत. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसात कमी उताराचं कौलारू छप्पर वारा सुटला की आत पाणी घेणारच.

वाऱ्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. वारा छप्पर ढकलून पाडतो असं वाटतं, पण तो ते वर ओढतो, आणि सगळ्यात जोर कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ असतो. मंगलोरी कौलाच्या खालच्या अंगाला एक छोटं भोक असतं. ते तारेसाठी आहे! कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढ्यालगतची ओळ न गंजणाऱ्या तारेने रिपेला बांधली तर खर्च किरकोळ येतो. आमच्याकडे शंभरातल्या पाच घरांतही मला ती तार दिसलेली नाही. जुन्या माणसांची चौपाखी घरं वाऱ्याला दोन पाख्यांच्या घरापेक्षा चांगली टिकतात, आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवलं तर पडवी गेली तरी घर राहतं. नवीन बांधताना पुढे पाच फूट छप्पर काढून गाडी लावायची सोय करतात, त्यांनी हे दोनदा वाचावं.

कौलांखाली ताडपत्री घालायची नवी टूम निघालीय. गळती दिसत नाही, पण ओल आत कोंडून लाकूड कुजतं. गळणारं कौल बदला. त्यासाठी पन्नासेक कौलं मागच्या पडवीत रचून ठेवा.

पत्राच टाकायचा तर सिमेंटचा नको. जुना असेल तर त्याला भोकं पाडू नका, फोडू नका, घासू नका. लोखंडी रंगीत पत्रा घेताना दुकानदार सांगतो ती जाडी रंगासकट असते. आतल्या पोलादाची विचारा आणि बिलावर लिहून घ्या. खाऱ्या हवेत गंज कापलेल्या कडेपासून आणि स्क्रूच्या भोकापासून सुरू होतो. भोकं पाडल्यावर पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढा. कडांना स्क्रू जवळजवळ घ्या. स्क्रूखालची रबरी चकती उन्हाने फाटते, दर दोन वर्षांनी बघावी लागते. म्हणजे पत्र्यालाही शाकारणी आहेच, फक्त तिला कुणी नाव ठेवलेलं नाही. आणि उडालेला पत्रा शेजाऱ्याचा गळा कापू शकतो. पैसे वाचले म्हणून सुटलो, असं नाही.

वादळानंतरचं एकच सांगतो. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत छप्पर उघडं ठेवून भिजत बसू नका. चारही बाजूंनी, आतून-बाहेरून फोटो काढा, फुटक्या कौलांचा ढीग मोजून त्याचाही काढा, मग झाका. आणि आजच, वादळाच्या आधी, चांगल्या छपराचे फोटो काढून मुंबईतल्या मुलाच्या फोनवर पाठवून ठेवा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन ठराव मांडता येतील. अंशतः नुकसानीची मदत छपराच्या क्षेत्रफळावर ठरवा. कौलारू म्हणून घर कच्चं धरू नका. आणि जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळा निर्लेखित होतात तेव्हा कौलं लिलावात न काढता ग्रामपंचायतीने ठेवून घ्यावीत, गरजूला पावती करून द्यावीत. मसुदा मी लिहून ठेवलाय. ज्या गावाला हवा त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. आणि तुमच्याकडे शाकारणी करणारं कुणी अजून असेल तर सरपंचांना सांगून त्यांचं नाव पंचायतीच्या फळ्यावर लावून घ्या, यंदाचे दिवस थोडेच उरलेत.