सुट्टी कोणाची, रोजी कोणाची?

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येच्या राममंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली. महाराष्ट्र सरकारने १९ तारखेला अधिसूचना काढून त्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. स्वागत झाले, विरोधही झाला. कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. २१ तारखेला, रविवारी, खास बसलेल्या खंडपीठाने याचिका फेटाळली. ज्यांना त्या दिवशी घरच्यांसोबत देवळात जाता आले त्यांचा आनंद खरा होता, त्याला बोल लावायचे कारण नाही. पण या वादात भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातली रोजंदार माणसे कोणाच्याच बोलण्यात नव्हती.

शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. त्यामुळे २० ते २२ जानेवारी सलग तीन दिवस कार्यालये बंद राहिली. लगेच २६ जानेवारी शुक्रवारी आली, मागून शनिवार-रविवार. नऊ दिवसांत कामाचे दिवस उरले तीन. हा काळ खरिपाचे धान विकून चुकाऱ्याची वाट पाहण्याचा आणि उन्हाळी धानाच्या रोवणीची जुळवाजुळव करण्याचा. लाखांदूर किंवा पवनीकडचा शेतकरी एका कागदासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येतो तेव्हा त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. तीन दिवस आधी निघालेला आदेश त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचेलच असे नाही.

मुळात ही सुट्टी ज्या कायद्याखाली मिळते, तो १८८१ सालचा परक्राम्य संलेख अधिनियम हुंड्या आणि धनादेशांचा आहे. त्याच्या कलम २५ चा विषय सुट्टीच्या दिवशी मुदत भरणाऱ्या हुंडीचा. हमालाच्या मजुरीचा त्यात उल्लेख नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ पगारी सुट्ट्या दिल्या, पण त्यासाठी मूळ कायद्यात दहा किंवा अधिक कामगार असण्याची अट होती. तुमसर-साकोलीच्या बाजारातली किती दुकाने या अटीत बसत होती? कचेरीसमोरच्या चहावाल्याचा तर प्रश्नच नाही. फाटक बंद की त्याची चूल बंद.

रोजंदाराला पगारी सुट्टी देणे कायद्याला जमत नाही असे मात्र नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली कलम १३५-ब आले. मतदानाच्या दिवशी मजुरी कापायची नाही, आणि एरवी ज्याला सुट्टीचे पैसे मिळत नाहीत त्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यायची, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. न देणाऱ्या मालकाला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. १९ एप्रिल २०२४ ला भंडारा-गोंदियात लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा हीच तरतूद इथल्या मजुरांनाही लागू होती. ती मजुरी किती जणांच्या हाती पडली याची चौकशी व्हायला हवी. दंडाची रक्कमही आता वाढवायला हवी.

नव्या सुट्ट्या यापुढेही जाहीर होतील, आणि प्रत्येकीमागे कोणाची तरी श्रद्धा किंवा अभिमान असेल. आमची शासनाकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. सुट्टी किमान पंधरा दिवस आधी जाहीर करा. आणि रोजंदाराची त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही, असा कायदा करा.