केबल जमिनीखाली गेली, पण ओढताना ती किती ताणली याची नोंद कुठे आहे?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावं दिवसच्या दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं आणि पुन्हा तेच झालं. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्याआधी एक मागणी हमखास ऐकू येते: तारा जमिनीखाली न्या. अलिबागमध्ये राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून भूमिगत केबलचं काम झालं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, त्यानंतर शहरात बाहेरून जास्त वीज आणायची गरज चर्चेत आली. त्यासाठीच्या कुडूस ते आरे या साधारण ८० किलोमीटरच्या, १००० मेगावॅटच्या लाइनचाही मोठा भाग जमिनीखालून आहे.

मागणी बरोबर आहे. खर्च जास्त असला तरी वादळात खांब पडण्यापेक्षा केबल परवडते. पण या सगळ्या चर्चेत किती किलोमीटर आणि किती कोटी एवढंच बोललं जातं. केबल टाकली कशी, याबद्दल कोणीच विचारत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे माझी नजर आधी डेटाकडे जाते. आणि या कामातला सगळ्यात महत्त्वाचा डेटा म्हणजे ओढताना केबलवर आलेला ताण. तो अर्ध्या-पाऊण तासात तयार होतो आणि कोणी साठवला नाही तर कायमचा जातो.

केबल ओढतात म्हणजे काय करतात?

उघड्या चरात केबल टाकायची असेल तर बऱ्याचदा माणसं रांगेत उभी राहून, रोलरवरून, हाताने ओढतात. इथे जोर वीस-तीस जणांत वाटला जातो आणि कुठे अडकलं तर लगेच हाताला कळतं.

पण रस्ता फोडायची परवानगी नसेल, किंवा खालून रेल्वे, नाला, हायवे ओलांडायचा असेल, तर आधी पाइप टाकतात आणि मग त्यातून केबल ओढतात. एका टोकाला केबलचा ड्रम, दुसऱ्या टोकाला विंच, मध्ये दोरखंड. विंचला हाताची जाणीव नसते. केबल अडकली तरी ते ओढतच राहतं.

मर्यादा किती? ३३ केव्हीपर्यंतच्या केबल टाकण्यासाठी आपल्याकडे आयएस १२५५ हे भारतीय मानक आहे. केबलच्या टोकाला पुलिंग आय लावून थेट कंडक्टरला धरून ओढत असाल, तर ढोबळ नियम असा: ॲल्युमिनियमसाठी दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन, तांब्यासाठी ५० न्यूटन. म्हणजे तीन कोअरच्या ३०० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम केबलसाठी ३ × ३०० × ३० = २७,००० न्यूटन, साधारण पावणेतीन टन. बाहेरून जाळीचं स्टॉकिंग चढवून ओढलं तर जोर आधी वरच्या आवरणावर येतो, त्यामुळे मर्यादा वेगळी असते आणि ती केबल कंपनीच्या डेटाशीटमध्ये बघावी लागते.

पावणेतीन टन ऐकून वाटतं, एवढा ताण कशाला येईल? त्यासाठी थोडं गणित करू.

फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा

सरळ पाइपमध्ये ताण हळूहळू वाढतो. समजा २०० मीटर सरळ पाइप, केबलचं वजन मीटरला ८ किलो आणि घर्षणाचा गुणांक ०.४. तर ताण = २०० × ८ × ९.८१ × ०.४, म्हणजे सुमारे ६,३०० न्यूटन.

बेंडमध्ये मात्र ताण मिळवला जात नाही, गुणला जातो. विहिरीच्या रहाटाच्या लाकडाला दोर दोन वेढे गुंडाळला की एका हाताने जड घागर धरून ठेवता येते, ते याच गणिताने. फोन आडवा धरा, सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडेल. त्यात ई-चा एक्स घात असं बटण असतं. ९० अंश म्हणजे १.५७ रेडियन. त्याला ०.४ ने गुणलं की ०.६२८. त्याचा घात काढला की उत्तर १.८७. म्हणजे एका काटकोनी बेंडमधून बाहेर पडताना ताण १.८७ पट. दोन बेंड, ३.५ पट. चार बेंड, १२ पटीहून जास्त! अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये इमारतींच्या वायरिंगसाठी दोन पुल पॉइंटच्या मध्ये एकूण ३६० अंशांपेक्षा जास्त बेंड नको असा नियम आहे, त्याचं कारण इथे दिसतं.

आता गंमत बघा. तोच पाइप, तीच केबल, एकच काटकोनी बेंड.

• बेंड विंचच्या बाजूला असेल: आधी ६,३०० न्यूटन जमा होतात, मग १.८७ ने गुणले जातात. विंचवर सुमारे ११,८०० न्यूटन.
• बेंड ड्रमच्या बाजूला असेल: सुरुवातीला ड्रमचा ताण समजा फक्त २०० न्यूटन. बेंडनंतर ३७५. मग सरळ भागाचे ६,३०० मिळवा. एकूण सुमारे ६,७००.

ड्रम आणि विंच यांची जागा बदलली एवढंच, आणि ताण जवळजवळ अर्धा झाला. यात एक रुपयाचं जास्तीचं सामान लागलं नाही.

पण ११,८०० हे २७,००० च्या निम्म्याहून कमीच आहे, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते बेंडच्या आतल्या भिंतीवर. ताण भागिले बेंडची त्रिज्या, म्हणजे केबलवर बाजूने येणारा दाब. त्रिज्या दीड मीटर धरली तर ११,८०० ÷ १.५ = सुमारे ७,९०० न्यूटन प्रति मीटर. अमेरिकेत सर्रास वापरला जाणारा एक मर्यादेचा आकडा ५०० पाउंड प्रति फूट आहे, म्हणजे साधारण ७,३०० न्यूटन प्रति मीटर. त्या हिशोबाने आपण मर्यादा ओलांडली. ताणाचा आकडा हिरवा दिसतोय आणि केबल बेंडमध्ये चेपली जातेय. उलट बाजूने ओढली असती तर हाच दाब २५० च्या आसपास राहिला असता.

नुकसान लगेच का दिसत नाही?

कारण केबल तुटत नाही. वरचं आवरण खरचटतं, आतले थर जरासे सरकतात, इन्सुलेशनला सूक्ष्म इजा होते. मेगरने मोजलं तर रीडिंग चांगलं येऊ शकतं. केबल चार्ज होते, उद्घाटन होतं, फोटो निघतात. मग खरचटलेल्या जागेतून पाणी शिरतं, वर्षानुवर्षं इन्सुलेशन पोखरलं जातं आणि एखाद्या पावसाळ्यात फॉल्ट येतो. तोवर कंत्राटदाराचा डिफेक्ट लायबिलिटी पिरियड संपलेला असतो.

खांबावरची तुटलेली तार रस्त्यावरून दिसते. जमिनीखालचा फॉल्ट शोधायला वेगळी गाडी, वेगळी टीम आणि खोदकाम लागतं. आमच्या भागात एकदा असाच फॉल्ट शोधायला तीन ठिकाणी रस्ता खणला होता आणि प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत होता: नवीन केबल ना ही? केबल मुळातच खराब होती, टाकताना खराब झाली, की नंतर कोणाच्या जेसीबीने लागली? ओढतानाची नोंद नसेल तर यावर फक्त वाद घालता येतो.

ताण मोजतात कसा, आणि वायरलेस कशाला?

मोजायचं साधन म्हणजे लोड सेल. स्टीलच्या तुकड्यावर केसासारख्या पातळ धातूच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. स्टील अगदी सूक्ष्म ताणलं गेलं की पट्टीचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून वजन कळतं. किराणा दुकानातला डिजिटल काटा याच तत्त्वावर चालतो.

हा लोड सेल दोन ठिकाणी लावता येतो. पहिली जागा विंचजवळ, दोर ज्या पुलीवरून जातो तिथे. लोड सेल तिथून ब्लूटूथ किंवा तशाच रेडिओने फोन किंवा टॅबवर आकडा पाठवतो. वायर का नको? कारण ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा येतो, त्याच्या रेषेत कोणी उभं राहू नये. शिवाय विंचवाला आणि २०० मीटर लांब ड्रमपाशी उभा असलेला सुपरवायझर, दोघांना एकच आकडा एकाच वेळी दिसला पाहिजे.

दुसरी जागा पाइपच्या आत, दोर आणि केबलचं टोक यांच्या मध्ये. केबलच्या टोकावरचा खरा ताण इथेच कळतो, कारण विंचवरच्या आकड्यात दोराचं स्वतःचं घर्षणही मिसळलेलं असतं. म्हणूनच "विंच जास्तच दाखवतं" असं म्हणून आकड्याकडे दुर्लक्ष करणं सोपं जातं.

पण पाइपच्या आतून सिग्नल बाहेर कसा येणार? ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि ओली माती ही फ्रीक्वेन्सी झपाट्याने शोषून घेते. कोकणातली पावसाळ्यातली जमीन तर विचारूच नका. यावर दोन उपाय आहेत. एक, आडव्या ड्रिलिंगच्या मशीनमध्ये ड्रिलचं टोक शोधायला वापरतात तसं कमी फ्रीक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र, जे मातीतून वर येतं. यातून डेटा हळू येतो, पण एक आकडा पाठवायला वेग लागतोच किती! दोन, सेन्सरमध्येच मेमरी ठेवायची आणि टोक बाहेर आलं की सगळी नोंद डाउनलोड करायची. दुसऱ्या उपायाने थांबवायची सूचना वेळेवर मिळत नाही, पण पुरावा मिळतो.

ॲप चांगलं की वाईट, कसं ओळखायचं?

ही माझ्या कामाची बाजू, म्हणून थोडं सविस्तर.

• सिग्नल तुटला तर स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो का? मग ते ॲप धोकादायक आहे. "८,००० न्यूटन" दिसतंय, पण तो वीस सेकंदांपूर्वीचा आहे. सिग्नल गेला की आकडाही गेला पाहिजे आणि अलार्म वाजला पाहिजे.
• सरासरी दाखवतं की शिखर? केबल थांबून पुन्हा सुटताना क्षणभर मोठा झटका बसतो. सेकंदाची सरासरी काढली की तो झटका गायब. नोंद सेकंदाला निदान दहा वेळा हवी आणि सर्वोच्च आकडा वेगळा दिसायला हवा.
• सोबत लांबीची नोंद आहे का? ताण विरुद्ध लांबी असा आलेख काढला की पाइपच्या आतलं जणू दिसायला लागतं. सरळ भागात चढ, बेंडला उडी. नकाशावर बेंड नसलेल्या जागी उडी दिसली, तर तिथे पाइप दबलाय किंवा माती शिरलीय.
• नोंद आधी कुठे साठते? ती सेन्सरमध्येच वेळेसकट साठली पाहिजे. फोनवर आल्यावर एक्सेलमध्ये आकडे बदलता येत असतील तर त्या नोंदीला अर्थ नाही.

सेन्सर म्हणजे जादू नाही

हेही स्पष्ट सांगायला हवं. लोड सेल घर्षण कमी करत नाही. ते काम पाइपमधल्या लुब्रिकंटचं, रोलरचं आणि नीट साफ केलेल्या पाइपचं. ताण मर्यादेबाहेर गेला की आपोआप तुटणारी पिन असलेलं स्विव्हल मिळतं, ते बॅटरीशिवाय चालतं आणि कोणाचं ऐकत नाही. आणि मघाचं ड्रमची जागा बदलायचं गणित तर फुकट आहे. ही तिन्ही कामं आधी करायची, मग सेन्सर.

पण या तिन्ही गोष्टी खरंच केल्या होत्या का, हे पाच वर्षांनी सांगणार कोण? तिथे नोंदच उपयोगी पडते. वीज कंपनीचा भांडवली खर्च नियामक आयोगाच्या मंजुरीने शेवटी आपल्याच वीजदरात येतो. करोडोंच्या केबलच्या प्रत्येक तुकड्यासाठी काही केबींची एक फाइल मागणं जास्त नाही.

म्हणून माझं मत असं: टेंडरमध्ये एक अट हवी. पाइपमधून विंचने ओढलेल्या प्रत्येक तुकड्याचा ताण-लांबी आलेख, वेळ आणि लोड सेलच्या कॅलिब्रेशनच्या तारखेसह, त्याच दिवशी वीज कंपनीच्या सर्व्हरवर गेला पाहिजे. आलेख नसेल तर त्या तुकड्याचं बिल पास होणार नाही. फाइल कंत्राटदाराच्या लॅपटॉपमध्ये राहिली तर फॉल्ट येईल तेव्हा तो लॅपटॉप सापडणार नाही.

तुमच्या शहरात भूमिगत केबलचं काम सुरू असेल, तर नगरसेवकाला किंवा वीज कंपनीच्या कार्यालयात "किती किलोमीटर झालं?" याच्या जोडीला "ओढतानाचा रेकॉर्ड ठेवताय का?" हेही विचारा. वीज कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. उत्तर "नाही" आलं तरी चालेल, निदान पुढच्या टेंडरच्या आधी तो प्रश्न कोणाच्या तरी टेबलावर असेल.