केराचा आठवडा

परवा भाचीचा फोन आला. नवऱ्याच्या कामानिमित्त तीन महिने लिस्बनला निघाली आहे. सोबत दोन मुलं आणि सासूबाई. भलतीच खुशीत होती. "आत्या, आम्ही टुरिस्टांसारखं नाही हं राहणार. अगदी तिथल्या लोकांसारखं राहणार!" म्हणजे कसं गं, असं विचारलं तर म्हणाली, बाजारातून भाजी आणायची, ट्रॅमने हिंडायचं, कोपऱ्यावरच्या बेकरीत कॉफी प्यायची...

फोनवर मी "छान छान" म्हटलं. खरं काय वाटलं ते इथे लिहिते. ती वाचेलच.

२०१८ साली आम्ही चौदा महिन्यांसाठी जर्मनीत स्टुटगार्टला गेलो तेव्हा हेच ठरवून गेलो होतो. नवऱ्याचं प्रोजेक्ट, मी, सात वर्षांची लेक, आणि मधले तीन महिने सासरे. भोवती टेकड्या, मध्ये खोलगट वाडग्यात शहर, आणि उतारांवर चक्क द्राक्षांचे मळे. १९६८ पासून मुंबईचं हे भगिनी-शहर आहे, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं! महिन्याभरात आम्ही स्वतःला पक्के स्थानिक समजायला लागलो. दुकानात शिरताना "ग्र्युस गॉट" म्हणायचं, सकाळी लोणी लावलेला ब्रेत्सेल खायचा, रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये घालून बाटलीमागे २५ सेंट परत घ्यायचे. तिथे मसुराच्या आमटीबरोबर श्पेट्सल नावाच्या कणकेच्या शेवया खातात, वरून थोडं व्हिनेगर. आपल्या चकोल्यांची लांबची बहीणच, फक्त फोडणी विसरलेली. असो.

तर एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकलेली दिसली. त्यावर लिहिलं होतं 'केरवोखं'. आम्ही खूप हसलो. 'केरेन' म्हणजे झाडणं आणि 'वोखं' म्हणजे आठवडा. केराचा आठवडा! हा शब्द मराठी माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. त्या भागातली ही जुनी पद्धत. इमारतीतल्या घरांनी पाळीपाळीने जिना झाडायचा, पुसायचा, समोरचा फुटपाथ स्वच्छ ठेवायचा, आणि आठवडा संपला की पाटी पुढच्या दारावर. भाडेकराराच्या कागदांत हे सगळं होतं. आम्ही न वाचता सह्या केल्या होत्या.

मी दहा मिनिटांत वरवर झाडू फिरवला. अर्ध्या तासाने जिन्यात आवाज आला म्हणून पाहिलं, तर खालच्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांवर बसून त्याच पायऱ्या ओल्या फडक्याने पुन्हा पुसत होत्या. माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. मला ते फार लागलं. "आपण ब्राउन ना, आपण केलेलं चालत नाही त्यांना," नवरा म्हणाला. आणि हा सल मी चांगले दोन महिने धरून बसले. आजी दिसल्या की "ग्र्युस गॉट" जरा जास्तच कोरडं म्हणायचे.

वरच्या मजल्यावर एक जर्मन विद्यार्थी राहायचा. एकदा धीर करून त्याला विचारलं. तो हसत सुटला. त्यालाही त्या पुन्हा पुसून दाखवायच्या, वर खास तिथल्या बोलीत झाडायच्याही. पण पुढे त्याने जे सांगितलं त्याने मी गप्प झाले. आमचं घर नेहमीच असं वर्ष-सव्वा वर्षासाठी येणाऱ्यांना भाड्याने जायचं. सगळी मंडळी छान, हौशी, शनिवारी बाजारात जाणारी. पण पाटी आली की ती खुंटीवर राहायची, आणि त्यांची पाळी कित्येक वर्षं त्या आजीच करत होत्या, दुखऱ्या गुडघ्यांनी.

म्हणजे आम्ही ज्याला 'तिथल्यासारखं राहणं' म्हणत होतो ते सगळं सायीसायीचं होतं. बाजार, बेकरी, टेकडीवर चढणारी दातेरी रेल्वे. त्यातलं काहीच कुणाला आपल्याकडून नको असतं. माझं स्पष्ट मत आहे की ज्याच्या दारावर पाटी लागते आणि जो ती पाळी करतो तो तिथला. बाकी सगळे पाहुणे, मग ते चार दिवस राहोत की चार वर्षं. भाषा येते की नाही, हासुद्धा नंतरचा प्रश्न.

हे पुराव्यानिशी सिद्ध केलं आमच्या सासऱ्यांनी! पाटी पुन्हा आमच्याकडे आली तेव्हा ते तिथे होते, आणि आधी भडकले होते. "अगं, जिने झाडायला का शिकवला मी त्याला एवढा?" पुण्यात त्यांनी आयुष्यात झाडू हातात घेतला नव्हता. पण बर्फ पडला. कामाच्या दिवशी सकाळी सातपर्यंत फुटपाथ मोकळा करायचा असतो, आणि पहाटे चारला जागे असणारे घरात ते एकटेच. माकडटोपी घालून, फावडं घेऊन उतरले. खिडकीतून बघते तर आजी शाल गुंडाळून दारात उभ्या, हातवारे करून फावडं कसं धरायचं ते दाखवताहेत. बाबा मराठीत "बरं बरं, कळलं" म्हणताहेत. त्या नाताळात आजींनी घरी केलेल्या बिस्किटांचा डबा आला, तो नेमका बाबांच्या नावाने. आमच्या पायऱ्या त्यांनी नंतर पुन्हा पुसल्या नाहीत.

तेव्हा भाचीबाई, लिस्बनला पोचलात की बेकरी शोधायच्या आधी घरमालकाला विचारा, कचरा कुठे आणि कधी टाकायचा आणि जिना कोण पुसतं. सासूबाईंनाही विचारात घ्या, त्या कदाचित तुमच्या पुढे जातील.

आता तुम्ही म्हणाल, मग पुण्यात परत आल्यावर काय? बाबांनी इथे फावडं सोडा, सुपलीही उचलली नाही. मी एका रविवारी बादली घेऊन आमच्या मजल्यापासून खाली जिना पुसायला लागले. समोरच्या काकू दार उघडून म्हणाल्या, "अगंबाई, मावशी आल्या नाहीत का आज?" मी म्हटलं, येतील ना, मीच आपलं... आणि बादली घेऊन घरात आले. मावशी अकरा वर्षं आमचा जिना झाडताहेत. त्यांचं आडनाव मला त्या दिवशी वॉचमनला विचारावं लागलं.