बंदुकीच्या दुकानात जावईशोध

ह्यूस्टनहून मैत्रिणीचा फोन आला. लेकीने तिथलाच मुलगा पसंत केलाय. ‘अगं, इथे बंदूक विकण्याआधी दुकानदार एफबीआयकडे गिऱ्हाइकाचं नाव तपासतो. बायकोला मारहाण केल्याची शिक्षा झाली असेल तर बंदूक मिळत नाही, १९९६ पासूनचा कायदा आहे. ओळखीच्या दुकानदाराकडून याचं नाव घालून बघू का?’

आईचा जीव! मलाही क्षणभर पटलं. पण १९९८ साली सुरू झालेली ती यंत्रणा बंदुका-स्फोटकांपुरतीच आहे. भाडेकरू, मोलकरीण, सोयरीक यांसाठी वापरली तर दंड होतो. २०२२ च्या कायद्याने दुकानदाराला स्वतःचे नोकर तपासायची मुभा मिळाली, तीही त्यांना सांगून.

मला विचाराल तर हे बरंच आहे. दुकानदाराला उत्तर मिळतं ते ‘द्या’, ‘थांबा’ किंवा ‘नको’ एवढंच. कारण कळत नाही. आणि त्या नोंदींत सक्तीने मनोरुग्णालयात ठेवलेल्यांचीही नावं असतात. उद्या मुलाकडच्यांनी आपल्या लेकीचं नाव असंच घातलं तर? नुसत्या कुजबुजीवर मोडलेली लग्नं आपण इथे कमी पाहिलीत?

तिला म्हटलं, कोर्टातल्या बऱ्याच नोंदी कुणालाही बघता येतात, त्या बघ. आणि लेकीला विचार, तो चिडला की काय करतो.