नियम पुरता सांगावा

परवा संध्याकाळी आमच्या शेजारच्या वहिनी घाईघाईनं आल्या. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडची सगळी मंडळी, सासऱ्यांसकट, थायलंडला निघाली आहेत. “सहा दिवसांना खाकऱ्यांची किती पाकिटं लागतील हो?” हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, “खाकरे घ्याच. पण त्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि तुमच्या घरात कोण काय काय खात नाही ते सगळं लिहून काढा.” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

आता हा सल्ला मला कुठल्या पुस्तकात मिळालेला नाही. तो मी चांगला चटका बसून शिकले आहे. तुमच्यापैकी ज्या कुणी घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन परदेशी जाणार असाल, त्यांच्यासाठी ही हकिकत सांगते.

2023 सालची गोष्ट. भाऊबीज आटोपून आम्ही बँकॉकला गेलो. आम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. कार्तिकी एकादशी 23 नोव्हेंबरला होती आणि आम्ही परतणार होतो 22 ला. त्यामुळे सासूबाईंचा चातुर्मास चालूच होता. मांस-मच्छी-अंडं तर आमच्याकडे बाराही महिने नाहीच. त्यात कांदा, लसूण आणि वांगं हेही बंद. चाळीस वर्षांचा नेम. “बुद्धाचा देश आहे, तिथं काय अडचण पडणार?” असं म्हणून त्या निर्धास्त होत्या. मी मनातून धास्तावले होते, पण बोलले नाही.

पहिल्याच दुपारी एका साध्याशा हॉटेलात बसलो. मी इंग्रजीत सांगितलं, “भाज्यांचं सूप हवं, चिकन नको.” कांद्या-लसणीचं काही बोलले नाही. परक्या देशात इतक्या अटी घातल्या तर समोरची बाई वैतागेल, असं मला उगीचच वाटलं. सूप आलं. कोबी, गाजर, टोफूचे मऊ तुकडे. सासूबाईंनी विचारलं, “लसूण नाही ना गं?” मी चमचाभर चाखून म्हटलं, “नाही वाटत.” त्या भाताबरोबर पोटभर जेवल्या. मलाही हायसं वाटलं.

संध्याकाळी आमच्याबरोबरचा गाडीवाला सहज गप्पा मारताना म्हणाला, “आमच्याकडे मीठ कमी, नाम प्ला जास्त.” नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी. लहान मासे मिठात घालून कित्येक महिने मुरवायचे आणि त्याला सुटलेलं पाणी गाळून घ्यायचं. आपण मीठ घालतो तितक्या सहजपणे ते सुपात, भाजीत, कोशिंबिरीत पडतं. शिवाय सुपाचं पाणी बहुतेक ठिकाणी हाडं उकळूनच काढलेलं असतं. माझ्या पोटात गोळाच आला.

हे म्हणाले, “आईला सांगू नकोस. न कळत झालं, उगाच तिच्या जिवाला घोर.” रात्री मला झोप लागेना. वांगं डोळ्यांना दिसतं, हा मासा दिसत नाही. मग त्यांनी भरवसा ठेवायचा तो माझ्या शब्दावर, आणि तो शब्द मी “नाही वाटत” असा दिलेला. शेवटी उठून त्यांच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “झालं ते झालं. सांगितलंस ते बरं केलंस.” त्या रात्री त्यांचा जप बराच वेळ चालला होता.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी बाहेरचं काहीच खायचं नाही असं ठरवलं. सकाळी मधुमेहाची गोळी घेतली आणि वर एक केळं नि मूठभर चिवडा. वाट फो या देवळात बुद्धाची 46 मीटर लांबीची पहुडलेली मूर्ती आहे. ती बघून बाहेर येताना त्या एकदम भिंतीला टेकल्या. हात गार, कपाळावर घाम. साखर उतरली होती. नशिबानं पर्समध्ये ग्लुकोजची पुडी होती. ती पाण्यात कालवून दिली, पायरीवर बसवलं, दहा-पंधरा मिनिटांनी रंग परत आला. पण ती पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. गोळी घेऊन उपास करणं हा खेळ नव्हे, हे मला माहीत असायला हवं होतं.

हॉटेलवर परतलो, तर काउंटरवरच्या मुलीनं सासूबाईंचा चेहरा पाहून चौकशी केली. या वेळी मी लाज सोडली. म्हटलं, आमच्या आई मांस खात नाहीत, मासे नाहीत, अंडं नाही, माशाचं पाणी नाही, आणि सध्या कांदा-लसूणही नाही. मला वाटलं, आता ही कपाळाला हात लावणार. तर तिचा चेहरा उजळलाच. “ओ! जे!” असं म्हणून तिनं एका कागदावर लाल शाईनं दोन अक्षरं काढून दिली आणि पाठीमागच्या गल्लीत बोट दाखवलं.

मैत्रिणींनो, ज्या अटीची मला लाज वाटत होती, तिनंच कुलूप उघडलं!

‘जे’ म्हणजे काय?

थायलंडमध्ये बौद्ध धर्म आहे म्हणून सगळे शाकाहारी असतील, ही आपली समजूत चुकीची. तिथले भिक्षूसुद्धा भिक्षेत जे पडेल ते घेतात, आणि त्यात मांस असू शकतं. पण तिथं पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या लोकांमध्ये ‘जे’ जेवणाचा नेम आहे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नाही. शिवाय कांदा, लसूण, पात अशा उग्र वासाच्या वस्तूही वर्ज्य. म्हणजे दूध सोडलं तर आपला चातुर्मासच की! चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस पुष्कळ थाई लोकही हा नेम पाळतात. फुकेत बेटावर तर त्याचा मोठा उत्सव होतो. पुष्कळदा हे नऊ दिवस आपल्या नवरात्राच्या जवळपास येतात. 2023 साली दोन्हींची सुरुवात 15 ऑक्टोबरलाच झाली होती.

जे जेवणाच्या दुकानावर पिवळी पताका असते आणि तिच्यावर लाल रंगात एक खूण. इंग्रजी 17 या आकड्यासारखी ती दिसते. बिस्किटं, शेवया, सोयाबीनचं दूध यांच्या पाकिटांवरही ती छापलेली असते. आम्ही पहिल्या दिवशी अशा एका पताकेखालून दोनदा गेलो होतो, हे नंतर मुलीनं दाखवून दिलं.

त्या गल्लीतल्या दुकानात मोठमोठ्या ट्रेमध्ये सात-आठ भाज्या मांडल्या होत्या. बोटानं दाखवायचं आणि भातावर वाढून घ्यायचं. लाल भोपळा, अळंबी, टोफू घातलेलं नारळाच्या दुधाचं कालवण. एका ट्रेमध्ये चक्क कोलंबी दिसली आणि सासूबाई मागे सरकल्या. दुकानातल्या आजींनी हसून हातानं नाही नाही केलं. गव्हाच्या चिकापासून आणि सोयाबीनपासून असे हुबेहूब आकार करतात म्हणे. सासूबाईंनी ते घेतलं नाही, पण बाकीचं दोनदा वाढून घेतलं. निघताना त्यांनी हात जोडले, त्या आजींनीही जोडले. भाषा दोघींना एकमेकींची एक अक्षर येत नव्हती.

चार शब्द पाठ करा

‘किन जे’ म्हणजे जे खाते. कांदा-लसूण चालत असेल तर दुसरा शब्द आहे ‘मांगसाविरात’. हा आपलाच ‘मांसविरती’, संस्कृतातून तिकडे गेलेला. मात्र त्यात अंडं आणि दूध चालतं, हे ध्यानात ठेवा. ‘माय साय’ म्हणजे घालू नका. माय साय नाम प्ला, माय साय कापी. कापी म्हणजे कोलंबी खारवून, वाटून, आंबवून केलेला गोळा. तो कालवणाच्या वाटणात असतो. नुसती भाजी दिसते म्हणून हिरवं किंवा लाल कालवण मागवू नये, त्याचं कारण हेच. आणि परतलेल्या भाज्यांत कालवांचा सॉस घालतात, त्याला ‘नाम मान होय’ म्हणतात.

एक गंमत सांगते. थाईत ‘काय’ म्हणजे कोंबडी आणि ‘खाय’ म्हणजे अंडं. दुकानात उभं राहून आपण आपापसांत “काय गं, काय घेऊ या, काय?” करत बसलो तर ताटात काय येईल सांगता येत नाही!

काय मागावं?

पाड थाई या तांदळाच्या शेवयांत चिंच, शेंगदाणे आणि मोड आलेले मूग असतात. पण नेहमीच्या कृतीत नाम प्ला, सुकट आणि अंडंही असतं, म्हणून ‘जे’ असं सांगूनच घ्या. कच्च्या पपईच्या सोम ताम कोशिंबिरीचंही तसंच. खनोम क्रोक हे तांदळाचं पीठ आणि नारळाच्या दुधाचे छोटे गोळे अगदी आपल्या आप्पेपात्रासारख्या भांड्यात करतात; वर पात घालत असतील तर नको म्हणा. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मुलांना फार आवडतो, मधुमेह्यांनी मात्र चवीपुरताच. फळं भरपूर खा. मँगोस्टीन हा आपल्या कोकमाचा भाऊबंद आहे. लिंबाएवढ्या जांभळ्या फळात पांढऱ्या गोड पाकळ्या असतात.

टोफू रोज एकदा तरी पोटात जाऊ द्या. डाळ-उसळ नसली की नुसत्या भात-फळांवर अंगात बळ राहत नाही. आणि सहा दिवस खाकरे-बिस्किटांवर काढले की पोट कुरकुरतंच; पालेभाजी आणि पाणी हवंच.

विमानात आणि सोबत

विमानातलं जेवण निदान 24 तास आधी नोंदवा. आणि तिथं ‘हिंदू मील’ असं लिहिलेलं पाहून हुरळून जाऊ नका. ते मांसाहारी असतं, फक्त त्यात गोमांस नसतं! आपल्याला हवं ते ‘एशियन व्हेजिटेरियन’, त्याचं सांकेतिक नाव एव्हीएमएल. कांदा-लसूण नको असेल तर जैन जेवण, म्हणजे व्हीजेएमएल.

सोबत एका वेळच्या जेवणापुरतं घ्या, सहा दिवसांचं नको. मेतकूट सगळ्यात उत्तम. गरम साधा भात कुठेही मिळतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नयेत, त्या पेट घेतात म्हणून विमानाच्या सामानात चालत नाहीत. तयार उपीट असं करा: दोन वाट्या बारीक रवा मंद भाजा. तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, सुक्या मिरच्या आणि कढीलिंब कुरकुरीत होऊ द्या. त्यात रवा, मीठ, किंचित साखर घालून गार झाल्यावर पिशवीत भरा. खोलीतल्या किटलीत पाणी उकळून एक वाटी मिश्रणाला दोन वाट्या पाणी घाला आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. गोळ्या घेणाऱ्यांच्या पर्समध्ये साखर किंवा ग्लुकोज हवंच. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास असतं, तेव्हा गोळीची वेळ आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

देश कुठलाही असो, दोन गोष्टी शोधा: तिथलं न दिसणारं काय, आणि तिथले नेमाचे लोक काय जेवतात. जपानात सुपाच्या पाण्यात सुकवलेला मासा असतो, पण तिथल्या बौद्ध मठांचं ‘शोजिन र्‍योरी’ जेवण पूर्ण शाकाहारी. व्हिएतनाममध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ‘चाय’ म्हणजे शाकाहारी जेवणाचा नेम पुष्कळ जण पाळतात. इटलीतलं पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या विरजणानं लावतात, म्हणून नुसतं ‘चीज’ वाचून थांबू नका. नेमाधर्माची माणसं सगळीकडे असतात. आपण आपला नियम पुरता सांगितला, तर ती आपल्याला ओळखतात. अर्धा सांगितला, तर आपणच फसतो.

वहिनींचा कागद काल पाहिला. चांगली अकरा कलमं झाली होती. त्यातली तीन त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हती. सासऱ्यांना विचारल्यावर कळली. शेवटी सासऱ्यांनी आपल्या हातानं बारावं कलम घातलं होतं: “चहा मात्र दुधाचा.”

दूध पावडरीचा डबा घ्यायला सांगितलंय.